नेत्याचं घराणं, बुडालेली सोसायटी नि गुंडांची नावं: आलेला मेसेज कागदावर कसा तपासायचा

परवा रात्री साडेअकराला आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला. अमुक घराण्यानं सोसायटीतले एवढे शे कोटी खाल्ले, पैसा मुंबईच्या गँगकडं गेला, ईडीनं केस केली, पेपरवाले विकले गेलेत म्हणून छापत नाहीत, पुढं पाठवा. सकाळपर्यंत तोच मेसेज मला सहा ठिकाणाहून आला. नऊ वाजता काका दुकानात आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या ठेवीच्या पावत्या, तीन लाख ऐंशी हजारच्या, निवृत्तीच्या पैशातल्या, सहा वर्षं झाली त्या सोसायटीचं शटर बंद आहे. म्हणाले, "अरे हे खरं काय बघ की, खरं असलं तर आमचे पैसे सुटतील नव्हं?"

तो प्रश्न ऐकून गप्प बसवेना म्हणून हे लिहितोय. मी बेळगावात कोर्टाजवळ टायपिंग आणि कागद भाषांतराचं काम करतो, चौदा वर्षं झाली, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडची आपली मराठी माणसं कन्नड कागद घेऊन येतात आणि यात काय लिहिलंय विचारतात. वकील नाही मी, पण कुठला कागद कुठं मिळतो आणि त्यातला कुठला शब्द फसवतो एवढं नक्की सांगू शकतो. मोबाइल आणि एक वही असली की पुरे.

सुरुवातीला मेसेजचे तुकडे करा. वहीत लिहायचं: एक, ही सोसायटी त्या घराण्याच्या ताब्यात होती. दोन, सोसायटीतला पैसा लंपास झाला. तीन, तो पैसा गुंडांकडं गेला, किंवा गुंडांचा पैसा सोसायटीत आला. ही तीन वेगळी विधानं आहेत, तिन्हीचा कागद वेगळा, ऑफिस वेगळं. मेसेज काय करतो, पहिल्याला पुरावा म्हणून उद्घाटनाचा फोटो देतो आणि बाकीची दोन त्याच फोटोला चिकटवून टाकतो. फोटोत नेता फीत कापतोय एवढंच दिसतं, कर्ज कुणाला दिलं ते फोटोत दिसत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याखाली चार बोटं जागा सोडा आणि कागद सापडेल तसं भरत जा, नाही सापडलं तर रिकामं ठेवा, उगीच भरू नका.

हे का करायचं ते आपल्याच खानापूरच्या उदाहरणावरून सांगतो. अब्दुल करीम तेलगी. खोट्या स्टॅम्प पेपरचा घोटाळा, २००१ मध्ये अजमेरला अटक, २००४ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं तपास सीबीआयकडं, पुण्याच्या मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखालच्या, कोर्टानं २००७ च्या जूनमध्ये ३० वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटी दंड ठोठावला, ऑक्टोबर २०१७ मध्ये बेंगळूरला हॉस्पिटलमध्ये मेला. एवढं कागदावर आहे. आता बोलण्यात काय आहे? घोटाळा कुणी २० हजार कोटींचा सांगतो, कुणी ३० हजार कोटींचा. बेंगळूरला त्याची नार्को टेस्ट झाली, म्हणजे औषध देऊन गुंगीत बोलायला लावलं, ती टीव्हीवर दाखवली गेली, त्यात मोठमोठ्या नेत्यांची नावं लोकांनी ऐकली आणि आजही चहाच्या टपरीवर 'तेलगीनं स्वतः नाव घेतलंय' म्हणून सांगणारा माणूस भेटतो. पण नार्कोत बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून धरत नाहीत, सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध ही टेस्ट करणंच घटनेत बसत नाही. म्हणजे व्हिडिओ खरा, आवाज खरा, तरी ते सिद्ध झालेलं नाही. आणि तेच प्रकरण मोक्काखाली चाललं, शिक्षा झाली, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वहीत, पण वेगळ्या रकान्यात लिहायचं.

आता शब्दांची शिडी, ही नीट वाचा कारण निम्मी गडबड इथंच होते. तक्रार दिली ही खालची पायरी, कोणीही देऊ शकतो. त्यावर एफआयआर झाला, कन्नडमध्ये 'प्रथम वर्तमान वरदी', म्हणजे पोलिसांनी नोंद घेतली, बस. मग तपास, मग चार्जशीट, कन्नडमध्ये 'दोषारोपण पट्टी', इथं 'दोष' शब्द बघून लोक समजतात दोषी ठरला, तसं नाही, पोलिसांनी कोर्टापुढं मांडलेला आरोप आहे तो. मग कोर्ट आरोप निश्चित करतं, मग साक्षीपुरावे, मग निकाल. निकालात 'शिक्षे' असलं तर शिक्षा, 'खुलासे' असलं तर निर्दोष सुटका. आपल्याकडं खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, म्हणून एका माणसानं 'आरोपी खुलासे' ही कन्नड हेडिंग वाचून ग्रुपवर टाकलं होतं की नेत्यानं खुलासा केला, खरं तर कोर्टानं त्याला सोडलं होतं. 'तडेयाज्ञे' म्हणजे स्थगिती. 'जामीनु' म्हणजे जामीन, सुटका नाही. आणि 'प्रमाणपत्र' लिहिलेलं दिसलं की दाखला समजू नका, निवडणुकीच्या कागदात तेच शपथपत्र असतं. आणखी एक, पोलिसांनी 'बी रिपोर्ट' टाकला असं दिसलं तर त्यांच्या मते केस खोटी किंवा पुरावा नाही म्हणून बंद करायची मागणी केलीय, महाराष्ट्रात ज्याला बी समरी म्हणतात ते. त्यावरही तक्रारदार कोर्टात हरकत घेऊ शकतो, म्हणून बी रिपोर्ट म्हणजे शेवट नाही.

ईडीचं वेगळं आहे. ईडी स्वतःचं जे नोंदवते त्याला ईसीआयआर म्हणतात, ते एफआयआर नाही आणि त्याची प्रत आरोपीला द्यायलाच पाहिजे असंही नाही, जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजय मदनलाल चौधरी निकालात हे सांगितलं. त्याच निकालात हेही आहे की मूळ गुन्हा, म्हणजे फसवणूक वगैरे जे काही असेल ते, त्यातून माणूस निर्दोष सुटला तर त्यावर उभी असलेली मनी लाँड्रिंगची केसही टिकत नाही. म्हणून 'ईडीनं केस केली' वाचलं की पुढचा प्रश्न एकच, मूळ गुन्हा कुठल्या पोलिस स्टेशनचा, नंबर काय.

नंबर मिळाला की सगळं सोपं होतं. पोलिस स्टेशनचं नाव, गुन्हा नंबर, साल, या तीन गोष्टी मेसेजमध्ये नसल्या तर पाठवणाऱ्याला सरळ विचारा. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितल्यापासून एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकावा लागतो, नाजूक प्रकरणं सोडून, कर्नाटक पोलिसांच्या साइटवर जिल्हा नि स्टेशन निवडून शोधता येतो. पुढं ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, त्यात एफआयआर नंबरावरून केस सापडते, प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, तो वहीत उतरवून ठेवा, मग पुढची तारीख, मागचे आदेश, सगळं त्यावरच बघता येतं. बेळगावच्या कोर्टात नाही सापडलं म्हणून केसच नाही असं म्हणू नका, आमदार-खासदारांच्या केससाठी बेंगळूरला खास कोर्ट आहे तिथं बघा, आणि हायकोर्टात गेलं असेल तर आपला जिल्हा धारवाड खंडपीठाकडं येतो, तिथं बघा.

नावावरून शोधाल तर मात्र सावध. आपल्या भागात पाटील, देसाई, नाईक, मुल्ला, कांबळे किती, आणि एकच नाव कन्नड कागदात एका पद्धतीनं, इंग्रजीत तीन पद्धतींनी लिहिलेलं असतं. माझ्याकडं एकदा एक मुलगा आला, नेत्याच्या नावाची केस सापडली म्हणून छाती फुगवून, कागद उघडला तर बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं, वय २४. नेता साठीच्या पुढचा. बापाचं नाव, वय, गाव, तिन्ही जुळल्याशिवाय नाव जुळलं म्हणायचं नाही. तो मेसेज तोवर दोनशे लोकांनी बघितला होता आणि ज्याचं खरं नाव ते होतं त्या पोराला पुढं नोकरीत त्रास झाला, म्हणून मी यावर जरा जास्तच बोलतो.

घराण्याकडं येऊया. विधानसभा किंवा लोकसभा लढवली असेल तर फॉर्म २६ चं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं हे आपल्याला बघायला मिळतं, त्याआधी मिळत नव्हतं. २०१८ चं आणि २०२३ चं, दोन्ही विधानसभांची शपथपत्रं डाउनलोड करा आणि शेजारी शेजारी ठेवा. आधी केसचा रकाना, त्यात एफआयआर नंबर, कोर्ट, कलमं लिहावी लागतात. मग जमीन, सर्व्हे नंबरसकट. मग कर्ज, कुठल्या बँकेचं, कुठल्या सोसायटीचं किती. मी एक शपथपत्र असं रात्री बसून बघितलं होतं, पानावर नोटरीचा गोल शिक्का अर्धा पुसट, खाली सोसायटीचं नाव आणि कर्जाची रक्कम स्वच्छ अक्षरात, त्या उमेदवाराचा भाऊ त्याच सोसायटीत संचालक होता. गुन्हा सिद्ध झाला का? नाही. पण प्रश्न विचारायला पक्की जागा मिळाली, अफवेच्या दहापट कामाची.

इथली मोठी फट पण सांगतो. शपथपत्रात स्वतःचं, नवरा-बायकोचं, अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबून असलेल्यांचं येतं. कमावता मुलगा, भाऊ, मेव्हणा, सून यांचं येत नाही, आणि आपल्याकडं घराणं म्हणजे नेमकं हेच असतं, साखर कारखाना एकाकडं, शिक्षण संस्था दुसऱ्याकडं, सोसायटी तिसऱ्याकडं. त्यासाठी कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर संचालकांची नावं बघा, कंपनीनं कुणाकडं काय तारण ठेवलंय त्याची नोंदही तिथंच मिळते. जमीन असेल तर सर्व्हे नंबर घेऊन 'भूमी' या कर्नाटकच्या जमिनीच्या साइटवर उतारा काढा, ज्याला इथं पहाणी म्हणतात, आणि दस्त नोंदणीच्या कावेरी साइटवरून ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढली की खरेदी-विक्री, तारण कधी झालं ते समजतं.

घराण्याच्या बाबतीत केसचा शेवटपर्यंत पाठलाग करावा लागतो, मध्येच सोडलं की चुकतं. बेल्लारीच्या खाणींचंच बघा. लोकायुक्तांचा रिपोर्ट जुलै २०११ मध्ये आला, त्यात मुख्यमंत्री येडियुरप्पांचं नाव आलं, ३१ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. तिथंच वाचन थांबवणारा आजही त्यांना दोषी म्हणून सांगतो. पण सीबीआयच्या खास कोर्टानं ऑक्टोबर २०१६ मध्ये खाण कंपनीनं घराण्याच्या ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या केसमध्ये त्यांना, दोन मुलांना आणि जावयाला निर्दोष सोडलं. दुसरीकडं खाणमालक आणि माजी मंत्री जनार्दन रेड्डी, सप्टेंबर २०११ मध्ये अटक, ओबळापुरम खाण केसमध्ये मे २०२५ मध्ये हैदराबादच्या सीबीआय कोर्टानं सात वर्षांची शिक्षा दिली, जूनमध्ये तेलंगण हायकोर्टानं शिक्षा स्थगित केली. एकाच काळातली खाणींची बोंब, एकीकडं निर्दोष, दुसरीकडं शिक्षा आणि वर स्थगिती. त्यामुळं कुणाबद्दलही लिहिताना तारखेसकट लिहायचं, 'या तारखेपर्यंत कोर्टात असं आहे'.

सोसायटीचं प्रकरण आपल्या लोकांना जास्त जवळचं, म्हणून इथं थांबतो. दारावरची पाटी नीट वाचा. नुसती 'सहकारी संघ नियमित' (कन्नडमध्ये नियमित म्हणजे लिमिटेड) असेल तर बहुतेक १९५९ च्या कर्नाटक सहकारी कायद्याखाली. नावात 'सौहार्द' असेल तर १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली. 'मल्टीस्टेट' असेल तर केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली, रजिस्ट्रार दिल्लीत बसतो, आणि आपला भाग तीन राज्यांच्या तोंडावर, इकडं कोल्हापूर तिकडं गोवा, त्यामुळं असल्या सोसायट्यांच्या शाखा इथं सहज उघडतात. यातली कुठलीही बँक नव्हे. बँकेला रिझर्व्ह बँकेचं लायसन्स लागतं, आणि पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा, फेब्रुवारी २०२० पासूनचा, फक्त बँकेतल्या ठेवीला आहे. काकांना सोसायटीच्या माणसानं 'विमा आहे' म्हणून तोंडी सांगितलं होतं आणि भिंतीवर नेत्याच्या फोटोचं कॅलेंडर होतं, काकांनी ते कॅलेंडर बघून पैसे ठेवले. मला अजून राग येतो.

पैसा कुठं गेला हे बघायला ऑडिट रिपोर्ट लागतो. सोसायटीला माहिती अधिकारात अर्ज करू नका, ती सरकारी संस्था नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय, पण रजिस्ट्रारकडं जे कागद असतात ते मागता येतात. म्हणून १९५९ च्या कायद्याखालची सोसायटी असेल तर अर्ज डीआर ऑफिसला, म्हणजे सहकार उपनिबंधकांना. १० रुपये फी, आणि कर्नाटकातला नियम लक्षात ठेवा, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, आपण दोन पानं वैताग लिहितो आणि अर्ज परत येतो. फक्त एवढं मागा: अमुक सालापासून अमुक सालापर्यंतचे ऑडिट रिपोर्ट आणि कलम ६४ खाली चौकशी झाली असल्यास तिचा अहवाल. रिपोर्ट हातात आला की मोठी कर्जं आणि थकबाकीचं पान आधी उघडा, किती कर्ज किती लोकांकडं अडकलंय ते बघा. पंजाब-महाराष्ट्र बँकेत सप्टेंबर २०१९ ला हेच उघड झालं, एका बिल्डर गटाचं कर्ज लपवायला २१,०४९ खोटी खाती दाखवली होती, ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढायला परवानगी होती. ती तर रिझर्व्ह बँकेच्या नजरेखालची बँक होती. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २००३ पासून आहे, म्हणून खोटी नावं लागतात. ऑडिटमध्ये एकाच पत्त्यावर दहा कर्जदार दिसले की खूण करून ठेवा.

राहिला तिसरा तुकडा, गुंड. 'गँग', 'अंडरवर्ल्ड', 'डी कंपनी' हे शब्द फुकट मिळतात पण संघटित गुन्हेगारी हा कायद्याचा शब्द आहे. महाराष्ट्रात १९९९ चा मोक्का, कर्नाटकात २००० चा कोका, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १११. यात टोळी म्हणून चालू असलेलं काम दाखवावं लागतं, मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट आणि कोर्टानं त्यांची दखल घेतलेली असावी लागते. म्हणून एफआयआरमध्ये कलमं बघा. फसवणूक आणि विश्वासघाताचीच कलमं असतील तर गँगचा भाग सध्या मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातला. कोका किंवा १११ लागलं असेल तर गोष्ट गंभीर, तरी आरोपच.

मेसेजमध्ये व्होरा कमिटीचं नाव असलं की लोक लगेच विश्वास ठेवतात. ती कमिटी खरी, जुलै १९९३ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांनंतर नेमली, रिपोर्ट ऑक्टोबरमध्ये दिला, गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या लागेबांध्यांबद्दलच तो आहे. संसदेत मांडला ऑगस्ट १९९५ मध्ये, तोही मोजकीच पानं. त्या पानांत नेत्यांच्या नावांची यादी नाही. तुमच्या मोबाइलवर व्होरा रिपोर्टातली म्हणून नावांची यादी आली असेल तर ती त्या पानांतली नाही, डिलीट करा.

पाठवायचं की नाही ते आता ठरवा. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि पुढं पाठवणाराही अडकू शकतो, पण ते एकच कारण नाही. खोटा मेसेज सापडला की ते घराणं तोच हातात धरून खरी केसही खोटी म्हणून सांगत फिरतं, आणि ज्याचे पैसे बुडालेत तो ठेवीदार उघडा पडतो. म्हणून लिहायचंच असेल तर असं लिहा: 'अमुक पोलिस स्टेशन, गुन्हा नंबर अमुक, साल अमुक, कलमं ही, चार्जशीट झाली आहे किंवा नाही, पुढची तारीख ही.' नेत्याचं नाव एफआयआरमध्ये असेल तरच लिहा, आणि पुढं 'आरोपी' लिहा, 'चोर' नको. वाचायला कोरडं वाटेल, वाटू दे.

काकांच्या मेसेजचं काय झालं सांगतो. गुन्हा खरा, फसवणुकीचा, चार्जशीट झालेली, दोन संचालक आणि मॅनेजर आरोपी. घराण्यातला एक माणूस आधी संचालक होता, गुन्ह्याच्या काळाआधी राजीनामा दिलेला, आरोपीत नाव नाही. गँगचा एक शब्द कुठं नाही, ईडीचाही नाही. मी हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे ते गँगचं नसलं तरी पैसे मागता येतात नव्हं?" येतात. कर्नाटकात ठेवीदार संरक्षणाचा २००४ चा कायदा आहे, त्यात सरकार सक्षम अधिकारी नेमतं, मालमत्ता जप्त होते, खास कोर्टातून ठेवीदारांना वाटप होतं, बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा बड्स कायदाही आहे, मल्टीस्टेट असेल तर २०२३ च्या दुरुस्तीनं सहकार लोकपालाकडं तक्रारीची सोय झालीय.

दावा दाखल करताना मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका, 'समितीकडं जमा करा' म्हणणाऱ्याच्या तर अजिबात नाही. रंगीत झेरॉक्स काढून सही करून द्या, पोच घ्या, पोचवर शिक्का आणि तारीख बघा. पासबुकातली शेवटची नोंद, पावतीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आताच नोटरीकडून शपथपत्र करून ठेवा, ई-स्टॅम्पवर, आणि त्यावरचा नंबर ई-स्टॅम्पच्या साइटवर टाकून स्टॅम्प खरा आहे का ते बघून घ्या. वारस लावायचे असतील तर मृत्यूचा दाखला आणि वंशवृक्ष सोबत लागेल. काकांची फाइल आम्ही सोमवारी दिली, पोच पावती त्यांनी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय, सगळ्यात वर.